चौभाषी सोलापूर : एक आढावा

मकर संक्रांतीच्या यात्रेत सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठच्या संमती कट्ट्यापाशी उभं राहिलं, की आधी डोळ्यांत भरतो तो पांढरा रंग. बाराबंदी घातलेली हजारो माणसं, त्यांच्या खांद्यांवरून डुलत आलेले सात उंच नंदीध्वज, हातात जपून धरलेल्या अक्षता. जुन्या कन्नड वळणाचं संमतीवाचन सुरू होतं, मधला एक क्षण सगळं स्तब्ध असतं आणि मग चारही बाजूंनी अक्षता उडतात. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर, यांच्याशी लग्न करायचं म्हणून हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचा, त्यांच्या योगदंडाशी झालेला हा विवाह. ध्वजांचा मान निरनिराळ्या समाजांकडे वाटलेला आहे आणि शेवटच्या दोन ध्वजांचा मान मातंग समाजाचा आहे. भोवतीची गर्दी मराठीत ढकलाढकली करते, कन्नडमध्ये हरहर म्हणते, तेलुगूत लेकराला खांद्यावर घेते.

सोलापूरच्या बहुविधतेविषयी कुणी विचारलं, की आम्ही सोलापूरकर हेच चित्र पुढे करतो. चित्र खरं आहे. पण गेल्या शंभर वर्षांत या शहराचा अभ्यास करणाऱ्यांनी, इथं राजकारण करणाऱ्यांनी आणि इथं लिहिणाऱ्यांनी या मिसळीचे एकमेकांशी न जुळणारे अर्थ लावले आहेत. इथली माणसं आली कशी, त्यांना मोजायचं कसं, त्यांच्या भाषा एकमेकींत विरघळल्या की नुसत्या शेजारी राहिल्या, आणि शहर कोणाचं, या चार प्रश्नांभोवती ही चर्चा फिरत राहिली आहे. त्याच क्रमाने ती इथं मांडतो.

थरांवर थर

वाद गावाच्या नावापासूनच सुरू होतो. सोळा पुरं मिळून सोलापूर झालं, ही व्युत्पत्ती शाळेत शिकवली जात असे. शिलालेख वेगळं सांगतात. सिद्धरामांच्या काळातल्या कन्नड लेखांत हे गाव ‘सोन्नलगे’ किंवा ‘सोन्नलगी’ आहे. यादवांनंतरच्या, शके १२३८ च्या कामती इथल्या संस्कृत लेखात ते ‘सोनलीपूर’ होतं आणि किल्ल्यातल्या लेखांत ‘सोनलपूर’, ‘संदलपूर’ अशी रूपं सापडतात. अभ्यासकांचा कल आता या दुसऱ्या बाजूकडे आहे आणि मलाही तीच पटते. एकाच नावाची कन्नड, संस्कृत आणि दख्खनी मुखांतून झालेली ही घडण पाहिली, की मिसळ गिरण्यांच्या आधीपासूनची आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

सर्वांत जुना ठळक थर कन्नड भाषक वीरशैव-लिंगायतांचा. सिद्धरामांनी गावाभोवती स्थापलेली अडुसष्ट लिंगं हीच जुन्या सोलापूरची सीमारेषा. त्यावर बहमनी काळातला भुईकोट किल्ला आणि आदिलशाही-निजामशाहीची ओढाताण यांतून दख्खनी बोलणारी मुसलमान वस्ती रुजली. पेशवाईत मराठी कारभाराचा आणि शाहिरीचा थर आला. लावणीकार राम जोशी याच गावचे. पुढे इंग्रजांच्या छावणीमुळे ‘लष्कर’ हा भाग वाढला. तिथं तेलुगू बोलणारा मोची समाज आणि उत्तरेकडून आलेला लोधी समाज आजही आपापल्या गल्ल्यांतून आहे. व्यापाराच्या वाटेने गुजराती दिगंबर जैन आले. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये इथलाच, आणि प्राकृत-संस्कृत जैन ग्रंथांच्या संपादनासाठी अभ्यासकांत मान असलेली जीवराज जैन ग्रंथमाला निघाली तीही इथूनच. मारवाडी पेढ्या त्याच सुमाराच्या. अमेरिकन मराठी मिशनमुळे एक छोटा ख्रिस्ती समाज तयार झाला.

शहराचं आजचं रूप मात्र १८६० मध्ये आलेल्या रेल्वेने आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या ‘जुन्या गिरणी’ने घडवलं. मोरारजी गोकुळदासांनी उभी केलेली ही गिरणी, तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे दुष्काळी मराठे, महार, मांग, धनगर, विजापूर-इंडीकडचे कानडी शेतकरी या भोंग्यांमागे शहरात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखाच्याही आत असलेलं हे गाव २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं झालं होतं.

विणकर का आले?

या सगळ्या आगमनांत सर्वाधिक अभ्यास झाला तो विणकरांचा, आणि मतभेदही तिथंच सर्वांत फलदायी आहेत.

शहराच्या ‘पूर्व भागा’त शिरलं, की पेठांची नावंच बोलू लागतात. भद्रावती पेठ घ्या. पद्मशाली समाज स्वतःला मार्कंडेय ऋषींचा वंशज मानतो. मार्कंडेयांचा पुत्र भावनाऋषी हा पहिला विणकर आणि भद्रावती त्याची पत्नी. तेलंगणातल्या करीमनगर, वारंगल, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून आलेल्या माणसांनी आपल्या कुळकथेतली सून शहराच्या नकाशावर कायमची बसवली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ याच पेठांतून फिरतो.

हे लोक घर सोडून का निघाले? जुनं आणि अजूनही लोकप्रिय उत्तर दुष्काळाचं आहे. निजामाच्या राज्यातली वेठ, १८७६-७८ चा भीषण दुष्काळ, गिरणीच्या सुतामुळे गावातला हातमाग बसला, म्हणून पोटासाठी स्थलांतर. घराघरांतल्या आठवणी याच बाजूने बोलतात आणि त्यांना हलकं लेखायचं कारण नाही.

दुसरी भूमिका डग्लस हेन्स आणि तीर्थंकर रॉय या इतिहासकारांनी १९९९ च्या एका संयुक्त निबंधात मांडली. विणकर वसाहतकाळाच्या आधीपासूनच फिरता आहे, राजाश्रय, बाजार, सूत आणि भांडवल जिथं मिळेल तिथं तो जातो, तेव्हा त्याचं स्थलांतर ही केवळ हलाखीची खूण मानू नये, असा त्यांचा मुद्दा. हेन्स यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात सोलापूर, सुरत, भिवंडी, मालेगाव ही गावं एकत्र घेऊन छोट्या कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या भांडवलशाहीचा पट दाखवला. त्यात सोलापूरचा पद्मशाली कारखानदार ठळक आहे. गिरणीने हातमाग मारला या सरसकट समजुतीला सोलापूर हा मोठा अपवाद ठरतो. इथं गिरणी आणि माग कित्येक दशकं शेजारी-शेजारी वाढले, गिरणीचं सूत मागावर चढलं आणि विसाव्या शतकात त्याच हातांनी यंत्रमाग घेतला. चादर आणि टॉवेल ही त्याचीच फळं, आणि दोन्हींना आता भौगोलिक मानांकन आहे.

या दोन भूमिकांमध्ये निवड करण्यापेक्षा धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने केलेल्या पाहण्यांकडे जावं, असं मला वाटतं. त्या १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. त्यांतली ‘आसामी’ची व्यवस्था समजून घेतली, की दुष्काळ आणि उद्यमशीलता या एकाच छपराखालच्या दोन गोष्टी दिसतात. कारखानदार पद्मशाली, त्याच्या वाड्याच्या पडवीत माग मांडलेले, आणि त्या मागांवर राबणारी, तिथंच बायकामुलांसह राहणारी, आगाऊ घेतलेल्या उचलीत अडकलेली आसामी माणसंही पद्मशालीच. एक जण बाजार शोधत आला, दुसरा उपासमारीतून आला, आणि पहिल्याने दुसऱ्याला गावाकडून बोलावून घेतलं. एका समाजाच्या स्थलांतराला एकच कारण चिकटवण्याची सवय इथं मोडते.

आणखी एक दुरुस्ती हवी. पूर्व भाग म्हणजे पद्मशाली, हे समीकरण बाहेरच्यांइतकंच आम्हीही वापरतो. प्रत्यक्षात तिथं नीलकंठेश्वराला मानणारे कुरुहिनशेट्टी आहेत, चौडेश्वरीचे तोगटवीर आहेत, जिव्हेश्वराचे स्वकुळ साळी आहेत, आणि विणकामात तितकेच जुने मोमीन आहेत. मागाचा धोटा तोच, समाज पाच. आणि तेलुगू म्हणजे विणकर हेही अपुरंच. लष्करातला मोची आणि दगड फोडणारा वडारही तेलुगूच बोलतो, पण पूर्व भागातल्या तेलुगू माणसाशी त्याची सोयरीक नाही, देऊळ एक नाही, आणि सरकारदरबारी प्रवर्गही एक नाही.

ज्यांना आणलं गेलं

स्थलांतराच्या चर्चेत एक गट नेहमी शेवटच्या परिच्छेदात येतो. त्याला स्वतंत्र जागा देतो, कारण तो आपणहून आलाच नव्हता.

गुन्हेगार जमाती कायद्याखाली मुंबई इलाख्यात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत सोलापूरची ‘सेटलमेंट’ ही मोठी. कैकाडी, पारधी, टकारी, मांगगारुडी, कंजारभाट अशा जमातींच्या कुटुंबांना इथं तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं. रोज हजेरी, बाहेर जायला परवाना, आणि कामाला गिरणी. सरकारच्या दृष्टीने ही सुधारणा होती, गिरणीमालकांच्या दृष्टीने हमखास हजर राहणारा मजूर. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. पंडित नेहरू आले आणि तारा तुटल्या, ही आठवण वसाहतीत आजही सांगितली जाते. जुन्या कुंपणाच्या जागी वसलेल्या भागाचं नाव ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’. त्या नावातला ‘फ्री’ हा शब्द वाचून मी दरवेळी थबकतो.

इतिहासकारांनी सेटलमेंटकडे मुख्यतः कामगार इतिहासाचा भाग म्हणून पाहिलं आहे. सोलापूरच्या कामगार आणि राष्ट्रीय चळवळींवर मंजिरी कामत यांनी केलेल्या संशोधनात गिरणीमजुरांवरच्या नियंत्रणाच्या संदर्भात हा विषय महत्त्वाचा आहे. कार्यकर्त्यांची मांडणी वेगळी आहे. भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष राहिलेले बाळकृष्ण रेणके सोलापूरचेच. त्यांच्या पिढीच्या चळवळीचा आग्रह हा, की या माणसांना शहराच्या ‘विविधते’त एक रंग म्हणून मोजण्याआधी कायद्याने त्यांच्यावर मारलेल्या शिक्क्याचा हिशेब व्हावा. मला ही मागणी न्याय्य वाटते. ‘सगळे इथं गुण्यागोविंदाने आले’ या गोष्टीला सेटलमेंटने कायमची अट घातली आहे.

मोजायचं कसं?

आता आकडे. धर्माची मोजणी त्यातल्या त्यात सोपी. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची सुमारे एक पंचमांश वस्ती मुसलमान आहे, बहुसंख्य हिंदू, शिवाय बौद्ध, जैन आणि ख्रिस्ती. पण लिंगायत हिंदूंत मोजायचे की वेगळे, हा प्रश्न २०१८ मध्ये कर्नाटकात पेटला तेव्हा त्याचे पडसाद सोलापुरातही उमटले. वीरशैव आणि लिंगायत एकच मानणारे आणि बसवण्णांचा धर्म स्वतंत्र मानणारे, अशी दोन्ही मतं इथल्या मठांत आणि घरांत आहेत.

जातीचा शेवटचा प्रसिद्ध पूर्ण हिशेब १९३१ चा. त्यानंतर सगळे अंदाज. सोलापुरात निवडणूक आली, की प्रत्येक समाजाचे ‘लाखभर’ मतदार असल्याचं सांगितलं जातं. ते सगळे लाख जोडले, तर शहर आहे त्याहून कितीतरी मोठं व्हावं लागेल. येत्या २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे, तेव्हा हा प्रश्न काहीसा सुटेल. काहीसाच, कारण पद्मशालींसारखे समाज राज्यात विशेष मागास प्रवर्गात, मोची अनुसूचित जातींत, विमुक्त आणखी वेगळ्या यादीत. माणूस जात सांगताना कोणती यादी डोळ्यांसमोर ठेवून सांगेल, हे मोजणीवर परिणाम करणारच.

भाषेची मोजणी सर्वांत अवघड. दख्खनी बोलणारा माणूस ‘उर्दू’ सांगतो, कधी ‘हिंदी’, आणि दख्खनी कागदावरून नाहीशी होते. सेटलमेंटमधल्या एका गल्लीची कल्पना करा. जनगणनेच्या वर्गवारीत कैकाडी बोली तमिळच्या शीर्षकाखाली जाते, वडारी तेलुगूच्या आणि पारधी भिलीच्या. एका नळावर पाणी भरणाऱ्या तीन बायका तीन वेगवेगळ्या भाषांच्या तक्त्यांत बसतात, आणि त्यांच्यातलं भांडण ज्या भाषेत होतं ती सोलापुरी मराठी कुणाच्याच नावावर लागत नाही. २०११ च्या तक्त्यात मातृभाषेखेरीज येणाऱ्या दोनच भाषा लिहायची सोय होती. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, कामावर मराठी, बाजारात दख्खनी अशी चार तोंडं असणाऱ्या विडी कामगार बाईची एक भाषा तिथं जागेअभावी बाहेर राहते.

विरघळल्या की शेजारी राहिल्या?

‘काय करूलालास बे?’ हे वाक्य कुठेही कानावर पडलं, की बोलणारा सोलापूरचा, हे महाराष्ट्रभर ओळखलं जातं. यातलं ‘करूलालास’ म्हणजे ‘करू लागलास’चं आखूड रूप. प्रमाण मराठीत ‘करू लागणं’ म्हणजे सुरुवात करणं. सोलापुरात मात्र त्याचा अर्थ सरळ ‘करतो आहेस’ असा होतो. आता सीमेपलीकडच्या, म्हणजे विजापूर-कलबुर्गीकडच्या कन्नडमध्ये चालू क्रिया सांगायला जे रूप वापरतात, त्याचाही शब्दशः अर्थ ‘करायला लागलो आहे’ असाच होतो. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी चालू वर्तमानकाळासाठी एकच युक्ती योजली आहे. कुणी कुणाकडून घेतली हे ठामपणे सांगणं कठीण. ‘लागणे’चा असा वापर मराठीच्या अंगात आहेच, त्यामुळे हा आतूनच झालेला बदल असू शकतो, आणि कन्नडच्या सहवासाने तो बळावला असंही असू शकतं.

भाषाविज्ञानात या प्रश्नाचं जगभर गाजलेलं उदाहरण सोलापूरपासून फार लांब नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू यांचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की तिथं या भाषांचे शब्द वेगळे राहिले पण वाक्यरचना जवळजवळ एक झाली. एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. चाळीसेक वर्षांनी सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडला पुन्हा जाऊन हे प्रतिमान तपासलं आणि चित्र इतकं एकसंध नसल्याचं, शिवाय शाळा आणि प्रमाण मराठी यांच्या दबावाखाली ते बदलत चालल्याचं दाखवलं. कुपवाड तेव्हा खेडं होतं. सोलापूर शहर आहे. तिथली निरीक्षणं इथं जशीच्या तशी लावू नयेत, पण प्रश्न तोच आहे.

सोलापुरातल्या जाणत्यांत यावर दोन मतं ऐकू येतात. एक मत असं, की शब्द वेगळे ठेवण्यामागे समाजाचं शहाणपण आहे. घरातली भाषा ही सोयरीक, कुलाचार आणि आडनाव सांभाळते. बाहेरची भाषा पोट सांभाळते. म्हणून तीन-चार पिढ्यांनंतरही तेलुगू टिकली. पितृ अमावास्येपासून फुलांचा बतुकम्मा रचून बायका गाणी म्हणतात, त्या गाण्यांना मराठी पर्याय कुणी शोधलेला नाही. दुसरं मत असं, की हे टिकणं वरवरचं आहे. बोली टिकली, लिपी गेली. महापालिका मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या शाळा चालवते, ही देशात क्वचित दिसणारी गोष्ट आहे, पण तेलुगू माध्यमाचे वर्ग आक्रसत गेले. आई तेलुगूत रागावते, मुलगी मराठीत उत्तर देते, आणि तिसरी पिढी इंग्रजी माध्यमात जाते. उर्दू शाळांची स्थिती तुलनेने बरी राहिली आहे. याचं कारण भाषाप्रेमापेक्षा वस्तीच्या रचनेत शोधावं, असं मला वाटतं. नई जिंदगीसारख्या भागांत मुलींसाठी चालत जाण्याइतकी जवळची शाळा उर्दूच असते.

साहित्यात मात्र या घालमेलीने मराठीला भरभरून दिलं. लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी मराठी कविता लिहिली, तेलुगू आणि मराठी यांत अनुवादांची ये-जा घडवली आणि आपल्या आत्मचरित्राला ‘एका साळियाने’ असं नाव दिलं. विणकराच्या जातीचा उच्चार इतक्या सहजपणे शीर्षकात आणणारी मराठी पुस्तकं थोडी. २००६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, तेव्हा अध्यक्ष होते याच गावात जन्मलेले, तेलुगू घरातले मारुती चितमपल्ली. आणि त्याच गावच्या जयदेवीताई लिगाडे, ज्यांनी सिद्धरामांवर कन्नड महाकाव्य लिहिलं, त्या १९७४ मध्ये मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. एका मध्यम शहराने दोन भाषांच्या संमेलनांना अध्यक्ष द्यावा, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही.

शहर कोणाचं?

जयदेवीताईंचं नाव आलं, की सीमाप्रश्न येतोच. त्या कर्नाटक एकीकरणाच्या बाजूच्या होत्या. भाषावार प्रांतरचनेत सोलापूर मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात राहिलं. १९६७ च्या महाजन अहवालाने अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जत या भागांतल्या गावांसह २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावीत अशी शिफारस केली आणि २६४ गावं महाराष्ट्राला. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटवर पुन्हा हक्क सांगितला. यात कर्नाटकाचा युक्तिवाद इतिहास आणि कन्नड भाषकांच्या संख्येचा. महाराष्ट्राचा युक्तिवाद व्यवहाराचा आणि लोकेच्छेचा. सीमेवरच्या गावांचं एक तिसरं म्हणणं मात्र पाणी, रस्ते आणि शाळेतल्या शिक्षकांविषयी असतं, आणि ते दोन्ही राजधान्यांत कमी ऐकलं जातं.

शहराच्या आतलं मोठं प्रकरण विद्यापीठाच्या नावाचं. २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला सिद्धेश्वरांचं नाव द्यावं ही लिंगायत समाजाची मागणी, अहिल्यादेवी होळकरांचं द्यावं ही धनगर समाजाची. मोर्चे दोन्ही बाजूंनी निघाले. २०१९ मध्ये अहिल्यादेवींचं नाव लागलं. सिद्धेश्वर हे ग्रामदैवत सगळ्यांचं, असं एरवी सगळेच म्हणतात. पण नामांतराच्या वेळी ते एका समाजाचं दैवत म्हणून वाचलं गेलं. श्रद्धेत जे सामायिक असतं, ते पाटीवर लावायची वेळ आली की त्याला मालक फुटतो. या वादात दुखावल्या गेलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोलताना हे फार जाणवलं.

याउलट ज्या स्मृतीवर कुणी एकट्याने हक्क सांगितलेला नाही, ती १९३० ची. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात शहर पेटलं, इंग्रज अंमल काही दिवस उरला नाही, आणि लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी ही नावं एका दमात घेतली जातात. इतिहासाचे काही अभ्यासक इशारा देतात, की सरकारने उभ्या केलेल्या खटल्यातल्या आरोपींवरून चळवळीची सामाजिक घडण ठरवू नये. रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणीमजूर आणि विणकर मोठ्या संख्येने होते आणि त्यांची नावं पुतळ्यांवर नाहीत. आक्षेप बरोबर आहे. तरीही शहराने आपली ओळख म्हणून हे चार पुतळे निवडले, ही निवडही इतिहासाचाच भाग आहे.

निवडणुकांच्या राजकारणाबद्दल थोडक्यात. समाजांच्या गठ्ठ्यांवर इथलं मतदान चालतं हे मत रूढ आहे आणि त्याला आधारही आहे. पण तेलुगू कुटुंबातून आलेले कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा विधानसभेवर गेले ते विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या, म्हणजे अनेक भाषांच्या मतांवर. वर्ग की समाज, हा प्रश्न सोलापूरने एकाच बाजूने कधीच सोडवलेला नाही.

उरलेलं

ज्या कामाने ही माणसं एकत्र आणली, ते काम आता विखुरलं आहे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमागावर तरुण मुलं बसायला तयार नाहीत, ती पुण्याला किंवा हैदराबादला जातात. गणवेश शिवण्याचा नवा धंदा वाढतो आहे. विडी अजून आहे. दुपारी पूर्व भागातल्या ओट्यावर पाच-सहा जणी सूप मांडीवर घेऊन पानं कातरतात, जर्दा भरतात, दोऱ्याने गुंडाळतात. हजाराच्या हिशेबाने मजुरी. त्यांतली एक पद्मशाली, एक कानडी, एक मुसलमान असते, आणि छाटात, म्हणजे नापास, किती विड्या गेल्या याची तक्रार सगळ्या एकाच मिश्र बोलीत करतात. भाषा मिसळायला माणसं नुसती शेजारी राहून चालत नाही, हात एका कामात असावे लागतात, असं माझं मत या ओट्यांवरून झालं आहे. मोजमापाने ते सिद्ध करता येईल का, हा अभ्यासकांपुढचा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शोधायला कदाचित शहराबाहेर जावं लागेल. कुंभारीच्या माळावर विडी कामगारांच्या दहा हजार घरकुलांचं लोकार्पण २००६ मध्ये झालं. तिथंच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहतं आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांतली पंधरा हजार घरं लोकांच्या हाती आली. जुन्या पेठांत पिढ्यानपिढ्या देवळाभोवती आणि मशिदीभोवती घट्ट वसलेली कुटुंबं इथं वाटप होईल त्या क्रमाने एकमेकांच्या दाराशी आली आहेत. घर पक्कं आहे, शेजार नवा आहे, आणि एका ओट्यावरचं काम मात्र बरोबर आलंच असेल असं नाही. संध्याकाळी तिथल्या रिकाम्या जागेत पोरं विटी-दांडू, क्रिकेट खेळत असतात. बाद की नाबाद यावरून ती ज्या बोलीत भांडतात, ती नीट कान देऊन टिपून ठेवायची वेळ हीच आहे.